टाचेचं हाड उघडं पडलंय आणि डॉक्टर पोटरीचा फ्लॅप म्हणतायत, करू द्यायचं का?

पत्र:

नमस्कार मॅडम, माझे मिस्टर 49 वर्षांचे आहेत, शेती आणि थोडा दुधाचा धंदा. गेल्या महिन्यात गाडी घसरली आणि उजवी टाच मागच्या बाजूने डांबरावर सोलत गेली. हाड मोडलं नाही पण जखम जवळजवळ तळहाताएवढी आहे, मधोमध हाड दिसतं आणि टाचेमागची जाड शीर पण उघडी आहे. रोज ड्रेसिंग चालू आहे. शुगर आहे, तंबाखू आहे, सांगून ऐकत नाहीत. प्लास्टिक सर्जनना दाखवलं तर ते म्हणाले त्याच पायाच्या पोटरीचा भाग उचलून टाचेवर फिरवायचा, आणि तेही दोन टप्प्यात. सासूबाई म्हणतात पोटरी कापली की माणूस उभाच राहायचा नाही, मधाचं ड्रेसिंग करू, भरेल हळूहळू. दीर म्हणतात मांडीची कातडी लावली की भागतं, त्यांच्या मित्राला भाजल्यावर तसंच केलं होतं. आणि दोनदा ऑपरेशन म्हणजे दोनदा बिल, असं तर घरात सगळेच म्हणतायत. मला काहीच सुचत नाहीये. ते आधीसारखं चालतील का?
– एक बहीण, सोलापूर जिल्हा

उत्तर:

नमस्कार ताई,

आधी सरळ उत्तर देते, करू द्या. पाय मी बघितलेला नाही, फोटोही नाही, त्यामुळे तुमच्या सर्जनच्या जागी बसून मी निर्णय देणार नाही, पण तुम्ही जे लिहिलंय, टाचेमागे तळहाताएवढी जखम, हाड उघडं, टेंडन उघडं (ती जाड शीर म्हणजे टेंडन, तिच्या जोरावर आपण चवड्यावर उभे राहतो), आणि शुगर, तर अशा जखमेला पोटरीचा फ्लॅप सुचवणं अगदी बरोबर आहे, मीही बहुतेक तेच सुचवलं असतं.

सासूबाईंचं "भरेल हळूहळू" हे पुष्कळ जखमांना लागू पडतं, म्हणून त्यांना वेड्यात काढू नका. खाली मांस लाल असेल, ओलं असेल तर जखम खरंच भरते, मधानेही भरते, साध्या ड्रेसिंगनेही भरते. पण उघडं हाड वेगळं. हाडावर एक पातळ जिवंत आवरण असतं, त्यातून वरच्या थराला रक्त मिळतं, ते घासून गेलं की हाड वाळायला लागतं, पांढरं मग पिवळसर, आणि त्या वाळक्या हाडावर नवीन मांस चढत नाही. टेंडनचंही तेच, वाळलं की त्याचे दोरे दोरे सुटायला लागतात. एखाद्या बोटाच्या पेराएवढं हाड दिसत असेल तर चांगलं ड्रेसिंग किंवा ती मशीनची व्हॅक (जखमेतलं पाणी सतत ओढून घेणारी हवाबंद पट्टी) लावून आजूबाजूचं मांस सरकून झाकतं कधीकधी, मी नाही म्हणत नाही. पण तळहाताएवढ्या जागेत, शुगरच्या माणसात, महिना उलटून गेल्यावर अजून वाट बघणं म्हणजे हाडात इन्फेक्शन जायची वाट बघणं, आणि हाडातलं इन्फेक्शन एकदा बसलं की ते काढता काढता वर्ष जातं, कधी पायही जातो. व्हॅक लावली असेल तर राहू दे, ऑपरेशनपर्यंत जखम स्वच्छ ठेवायला ती चांगलीच आहे.

आता दिरांचं. त्यांच्या मित्राचं बरोबरच झालं असणार, भाजलेल्या जागी खाली जिवंत मांस असतं. मांडीवरून जी कातडी काढतात ती कागदासारखी पातळ असते आणि तिला स्वतःचं रक्त नसतं, पहिले दोन दिवस ती खालच्या ओलीवरच जगते आणि मग चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत खालून बारीक रक्तवाहिन्या तिच्यात शिरतात. खाली उघडं हाड किंवा उघडं टेंडन असेल तर शिरायला रक्तवाहिन्याच नाहीत, मग आठ दिवसांत ती कातडी काळी पडून निघून येते. आणि समजा कडेकडेने धरलीच, तरी टाचेमागे इतकी पातळ कातडी चपलेच्या पट्ट्याला किती दिवस टिकणार. गंमत म्हणजे दिरांची मांडीची कातडी लागणारच आहे, फक्त टाचेवर नाही, पोटरीवर. कसं ते सांगते.

पोटरीचा फ्लॅप म्हणजे पोटरी कापणं नाही. पोटरीचा गोळा जो हाताला लागतो, ज्याने माणूस चढतो, पळतो, नांगरामागे चालतो, ते दोन मोठे स्नायू आहेत आणि त्यांना हात लागत नाही. उचलतात ती वरची कातडी, तिच्याखालची चरबी आणि स्नायूवरचं ते पांढरं पातळ पण चिवट आवरण. त्यातून एक संवेदनेची नस जाते आणि तिच्या सोबत रक्त परत नेणारी एक शीर आणि बारीक रक्तवाहिन्यांची जाळी. हा सगळा तुकडा वरून, डावीकडून, उजवीकडून आणि खालच्या स्नायूपासून सोडवतात पण घोट्याच्या दिशेला दोन-तीन सेंटिमीटर रुंदीची एक पट्टी जोडलेलीच ठेवतात, आणि मग पूर्ण तुकडा त्या पट्टीवर वळवून खाली टाचेवर आणतात. बाहेरच्या घोट्याच्या वर साधारण पाच सेंटिमीटरवर खोलातून एक छोटी रक्तवाहिनी कातडीकडे येते, तिच्यावर हा सगळा खेळ आहे, म्हणून सर्जन त्या पाच सेंटिमीटरच्या खाली जात नाही आणि आधी पेनासारख्या डॉप्लरने, म्हणजे रक्त वाहण्याचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्राने, ती कुठे आहे ते ऐकून कातडीवर स्केचपेनने खूण करतो. पोटरीवर जी जागा रिकामी होते ती तीन-चार सेंटिमीटर रुंद असेल तर टाके घालून जुळते, तुमच्या मिस्टरांची मोठी आहे म्हणून तिथे मांडीची पातळ कातडी लावतील, आणि तिथे ती धरते कारण खाली चांगला लाल स्नायू आहे. सासूबाईंना हे असं सांगा की पोटरीची ताकद जात नाही, पोटरीवर एक खोलगट डाग राहतो, पायजमा घातला की दिसत नाही.

आणि हा काही कालचा प्रयोग नाही. स्वीडनमध्ये 1981 साली पोंतेन नावाच्या सर्जनने दाखवलं की पायाची कातडी खालच्या आवरणासकट उचलली तर बरीच लांब टिकते, 1983 मध्ये डोन्स्की आणि फोगदेस्ताम यांनी खालच्या बाजूला जोडलेला हा पोटरीचा फ्लॅप लिहिला आणि 1992 मध्ये फ्रान्सच्या मास्कले यांनी त्या नसेभोवतीच्या रक्तवाहिन्या नीट समजावल्यावर तो जगभर पसरला. त्याच्या आधी काय करायचे माहितीये, एका पायाची पोटरी दुसऱ्या पायाच्या जखमेला शिवायचे आणि तीन-तीन आठवडे दोन्ही पाय एकमेकांना बांधून पेशंट पडून. घरातल्या कुणा म्हाताऱ्या माणसाने असा पेशंट पाहिला असेल तर सासूबाईंच्या भीतीचं मूळ तिथेही असू शकतं.

आता दोन टप्पे, म्हणजे घरातला खरा संशय. मला हे वाचून उलट बरं वाटलं. फ्लॅपमध्ये रक्त नेहमीच्या उलट वाहतं, पाटाचं पाणी खालून वर चढवल्यासारखं. धमनीचं रक्त तसं चढतंही, पण परत जायच्या शिरांमध्ये झडपा असतात आणि त्या उलट जाऊ देत नाहीत, म्हणून या फ्लॅपचा मुख्य शत्रू म्हणजे आत रक्त साचणं. धडधाकट पंचवीस वर्षांच्या पोरात एकदमच फिरवतात, चालतं. पण शुगर, तंबाखू, पन्नाशी असं सगळं एकत्र आलं की हुशार सर्जन पहिल्या वेळी फ्लॅपच्या कडा कापून, काही रक्तवाहिन्या बांधून तुकडा तिथेच ठेवून देतो. दहा-बारा दिवसांत त्या उरलेल्या पट्टीतून येणाऱ्या बारीक वाटा रुंद होतात, फ्लॅपला त्या एकाच वाटेवर जगायची सवय होते, आणि मग दुसऱ्या वेळी तो टाचेवर आणतात. याने शेवटचा भाग, जो नेमका टाचेवर येणार असतो, तो सडायचं प्रमाण कमी होतं. पहिला टप्पा छोटा असतो, कमरेत इंजेक्शन देऊन होतो बहुतेक ठिकाणी. खर्चाचं त्यांना मोकळेपणाने विचारा, दोन्ही मिळून किती, एकाच पॅकेजमध्ये आहे का, विचारण्यात काही गैर नाही. पण "एकाच वेळी उरकून टाका, पैसे वाचतील" असं मात्र त्यांच्यावर दडपण आणू नका, फ्लॅप सडला की तिसरं आणि चौथं ऑपरेशन करावं लागतं.

तंबाखू. ताई इथे मी जरा कडक बोलणार आहे आणि हे पत्र मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवलंत तरी चालेल. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, विडीतून आलं काय, मळलेल्या चिमटीतून आलं काय, मशेरीतून आलं काय, रक्तवाहिनीला फरक पडत नाही. "मी सिगरेट थोडीच ओढतो" हे वाक्य मी वॉर्डात सारखं ऐकते. ज्या फ्लॅपचा जीव एका बारीक रक्तवाहिनीवर आहे तिथे गालात धरलेली एक चिमूट पुरेशी आहे नुकसानाला. ऑपरेशनआधी चार आठवडे सुटलेली असती तर उत्तम, तेवढा वेळ आता नाही, म्हणून आजपासून बंद आणि ऑपरेशननंतर कमीत कमी महिनाभर बंद, आणि यात सगळ्यात धोकादायक कोण तर भेटायला येणारे मित्र, जे "बिचारा कंटाळला असेल" म्हणून उशीखाली पुडी सरकवतात. तुम्हाला लक्ष ठेवावं लागेल. जमत नसेल तर डॉक्टरांना सांगा, सोडवायला गोळ्या असतात, पण निकोटीनचं च्युइंगगम किंवा पट्टी स्वतःच्या मनाने आणू नका, त्यातही निकोटीनच आहे. शुगरचं म्हणाल तर तीन महिन्यांची शुगर म्हणजे एचबीए1सी करून घ्या, आणि ऑपरेशनच्या दिवसांत गोळ्या थांबवून इन्सुलिन लावलं तर घाबरू नका, ते बहुधा तेवढ्यापुरतं असतं. पायाच्या रक्तवाहिन्यांचा कलर डॉप्लर (सोनोग्राफीसारखी तपासणी) सांगितला असेल तर तोही टाळू नका, शुगर आणि तंबाखू दोन्ही असलेल्या माणसात वरची मोठी रक्तवाहिनीच अरुंद असली तर हा फ्लॅप करून उपयोग नाही, आधी ती मोकळी करावी लागते.

आता जे कुणी नीट सांगत नाही ते. टाचेवर फ्लॅप आल्यानंतरचे पहिले पाच-सात दिवस. सर्जन पोट किंवा कुशीवर झोपवून दोन-तीन तासांत आपलं काम करून जातो, मग रात्री पेशंटजवळ कोण बसतंय यावर बरंच ठरतं, आणि ते बहुतेक तुम्हीच असाल. टाच कुठेही टेकता कामा नये, गादीवर नाही, उशीवर नाही, आणि ती जी वळलेली पट्टी आहे बाहेरच्या बाजूला तिच्यावर तर बोटाचाही दाब नको. पाठीवर झोपलं की टाच आपोआप टेकते, म्हणून कुशीवर किंवा पालथं, मधे उशा अशा की टाच हवेत राहील. काही सर्जन पायाला बाहेरून लोखंडी सळ्यांचा सांगाडा लावतात ज्याच्यावर पाय उभा राहतो, दिसायला भयंकर पण झोपेत पाय फिरला तरी फ्लॅप दाबला जात नाही, लावला तर नशीबवान समजा. बँडेज घट्ट वाटतंय, पाय ठणकतोय, असं ते म्हणाले तर रात्री दोन वाजताही सिस्टरना उठवा. लाजू नका.

फ्लॅपची एक खिडकी ड्रेसिंगमध्ये मुद्दाम उघडी ठेवलेली असते. सिस्टर तिथे टॉर्च मारून बघतात, तुम्हीही त्यांच्याकडून शिकून घ्या. रंग आजूबाजूच्या कातडीसारखा किंवा थोडा गुलाबी, हाताला कोमट, हलकेच बोट दाबून सोडलं की पांढरा ठिपका दोन-तीन सेकंदांत परत भरतो, असं असेल तर छान चाललंय. जांभळा-निळा पडून फुगलाय, तुकतुकीत झालाय आणि दाबलं तर रंग झटकन परत येतोय, म्हणजे रक्त आत जातंय पण बाहेर पडत नाहीये. पांढरा फटक आणि गार, म्हणजे आतच जात नाहीये. दोन्ही वेळा लगेच डॉक्टर, सकाळच्या राउंडची वाट नाही बघायची. साचलेल्या रक्ताला बऱ्याचदा बँडेज सैल करणं, एखाद-दोन टाके काढणं, पाय अजून वर करणं एवढंही पुरतं, आणि काही ठिकाणी चक्क जळवा लावतात, हसू नका, आजही मोठमोठ्या प्लास्टिक सर्जरी युनिटमध्ये त्या वापरतात, फक्त सोबत अँटिबायोटिक देतात कारण जळूच्या पोटात जंतू असतात. त्यामुळे घरातून कुणी नदीतली जळू घेऊन आलं तर परत पाठवा!

एवढं सगळं करूनही फ्लॅपची कड काळी पडू शकते, शेवटचा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर. त्याने सगळं वाया गेलं असं होत नाही, काळा भाग वेगळा पडू देतात, मग काढून टाकतात, आणि तोपर्यंत खाली मांस धरलेलं असतं म्हणून तिथे थोडी कातडी लावून भागतं. मांडीची जिथून कातडी काढली ती जागा मात्र पहिल्या आठवड्यात टाचेपेक्षा जास्त दुखते, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर सगळे घाबरतात. तिचं ड्रेसिंग ओढून काढायचं नाही, दोन आठवड्यांनी आपोआप सुटतं.

दोन आठवडे झाले की पाय खाली सोडायचा सराव, आधी पाचच मिनिटं, क्रेप बँडेज बांधून, फ्लॅप जांभळा होईल की परत वर, मग हळूहळू वेळ वाढवायची. टाके दोन-तीन आठवड्यांत. पूर्ण वजन कधी टाकायचं ते सर्जन ठरवेल, बऱ्याच जणांना सहा आठवड्यांच्या आसपास परवानगी मिळते, तोपर्यंत वॉकर. धारा काढायला उकिडवं बसणं त्याहून उशिरा, म्हणून दुधाचं बघायला आत्ताच कुणीतरी माणूस लावा.

चालतील का? चालतील. पण दोन गोष्टी आयुष्यभर. पावलाची बाहेरची कड आणि करंगळीकडचा भाग बधीर राहणार कारण ती संवेदनेची नस फ्लॅपसोबत गेली, आणि टाचेवरच्या नव्या कातडीला स्वतःचीच जाणीव नसणार. म्हणजे खडा टोचला, गमबूट घासला, मे महिन्यात तापलेल्या फरशीवर पाय ठेवला तर कळणार नाही, आणि शुगरमुळे आधीच थोडी बधिरता असेल तर अजूनच. रोज झोपताना टाच बघायची, त्यांना वाकून दिसत नसेल तर तुम्ही बघा किंवा आरसा धरा, लाल झालेली जागा दिसली की दोन दिवस ते पायताण बंद. अनवाणी गोठ्यात जाणं संपलं. एमसीआरची चप्पल मिळते, मऊ काळ्या रबराची, कुष्ठरोगाच्या आणि शुगरच्या पेशंटसाठी आपल्याकडे वर्षानुवर्षं वापरात आहे, ती घ्या, आणि मागचा पट्टा नेमका फ्लॅपवर येत असेल तर पट्टा बदलून घ्या.

फ्लॅप जाड दिसतो सुरुवातीला, टाचेमागे गोळा बसवल्यासारखा, चपलेत मावत नाही. सहा महिन्यांनी चरबी कमी करायचं छोटं ऑपरेशन करता येतं, बऱ्याच जणांना लागतही नाही. आणि हो, पोटरीची कातडी आहे, त्यामुळे टाचेवर केस येणार. पुरुष माणसं यावर खूप हसतात, सांगून ठेवा म्हणजे हसतील, घाबरणार नाहीत.

एक अपवाद लिहिते. अपघातात पोटरीचा खालचा भागही चेंगरला असेल किंवा डॉप्लरवर ती बारीक रक्तवाहिनी सापडलीच नाही तर हा फ्लॅप करत नाहीत, मग मांडीवरून तुकडा पूर्ण सुटा काढून मायक्रोस्कोपखाली पायाच्या रक्तवाहिन्यांना जोडतात, ते मोठं ऑपरेशन, मोठ्या सेंटरलाच. तसं निघालं तर पुण्याला ससून, मुंबईला केईएम किंवा सायन इथे प्लास्टिक सर्जरी विभाग आहेत. आणि खर्चासाठी, जिथे करताय ते हॉस्पिटल महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का ते आधी विचारा, असेल तर दारातच आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यायची असते, नंतर कागद धावपळ करून काही होत नाही, आणि दोन टप्पे आहेत हे त्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी सांगा म्हणजे दुसऱ्या टप्प्याचे कागद अडणार नाहीत.

सर्जनना भेटाल तेव्हा मिस्टरांना सोबत न्या आणि तंबाखूचं त्यांच्यासमोरच सांगा, लपवू नका. खरं किती खातात ते.